जुन्या मोटारीचा धूर आणि तिच्या धन्याचें कर्तव्य

गेल्या लग्नसराईंत आचोळे येथें तळ्याच्या बाजूनें येणाऱ्या रस्त्यावर आम्हीं एक वरात पाहिली. पुढें बँड, मागें नवरदेवाची मोटार. आणि ती मोटार म्हणजे अलीकडची, एकीसारखी दुसरी दिसणारी डबी नव्हे, तर कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली, गोल अंगाची, मागल्या बाजूस लहानसे पंख फुटल्यासारखी दिसणारी जुनी फियाट. पोरेंबाळें तिच्याभोंवतीं जमलीं. इमारतींच्या सज्ज्यांतून बायका वाकून पाहूं लागल्या. आमच्या शेजारीं उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं तर, "आमच्या मामांची अशीच होती हो," असें म्हणून रुमालानें डोळे टिपले. ते डोळे आठवणीनें पाणावले कीं धुरानें, याचा निर्णय मात्र आम्हांस करतां आला नाहीं. कारण गाडीच्या मागल्या नळींतून निळसर धुराचा लोट सारखा निघत होता, आणि वरातीची चाल ती मुंगीची, त्यामुळें तो धूर वाऱ्यावर न जातां मागून येणाऱ्या बायकापोरांच्या तोंडावरच बसत होता.

वरात पोंचल्यावर त्या गाडीचे मालक मऊ फडक्यानें तिचें बॉनेट पुशीत उभे होते. आम्हीं त्यांना धुराविषयीं विचारलें. ते हंसून म्हणाले, "साहेब, पन्नास वर्षांची म्हातारी आहे. थोडा खोकणारच!" आणि पुन्हा पुसूं लागले. हें उत्तर त्यांचें एकट्याचें असतें तर आम्ही तेथेंच सोडून दिलें असतें. परंतु जुन्या मोटारींचा शोक करणाऱ्या मंडळींच्या तोंडून हेंच उत्तर, याच हंसण्यासह, आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं आतां त्याचा समाचार घेणें आम्हांस भाग आहे.

आरंभींच सांगून टाकतों कीं आम्ही जुन्या मोटारींचे वैरी नव्हों. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, त्या वेळीं हिंदी माणसानें मोटार करावी हेंच पुष्कळांस हास्यास्पद वाटत होतें. त्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें ज्या फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या, त्यांनीं मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांस कचेरींत, इस्पितळांत आणि सासरीं पोंचविलें. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती काळी-पिवळी जात मुंबईच्या रस्त्यांवरून नाहींशी झाली. पद्मिनी हांकून ज्यांनीं संसार केले, मुलींचीं लग्नें केलीं, अशीं माणसें आमच्या शेजारांतच राहतात. तेव्हां या यंत्राविषयीं आम्हांस ममता नाहीं असें कोणीं समजूं नये. ममता आहे म्हणूनच हा राग आहे.

जुनें तें सोनें, ही म्हण या मंडळींस फार प्रिय. पण सोन्याची थोरवी कशांत आहे? तें जुनें झालें तरी गंजत नाहीं, आणि शिवाय कोणाच्या नाकांत जात नाहीं. लोखंड जुनें झाल्यानें सोनें होत नाहीं. त्यास वेळोवेळीं तेलपाणी केलें तर तें निदान लोखंड तरी राहतें. आमच्या आचोळ्याहून रेल्वे ओलांडून पलीकडे गेलें कीं सोपारें लागतें. तेथील एका टेंकाडास लोक बुरुडराजाचा कोट म्हणत. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें उकरलें तेव्हां आंतून बौद्ध स्तूप निघाला, आणि त्यांत सांपडलेल्या वस्तु मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनें जतन केल्या. जुनी वस्तु राखणें म्हणजे ती मूळची जशी होती तशी राखणें, हें तत्त्व पुराणवस्तु जपणारे सर्वच मानतात, आणि जुन्या मोटारींचे भोक्तेहि तोंडानें हेंच सांगतात. दिव्याची मूळची कांच मिळावी म्हणून ते चोरबाजार पालथा घालतील. चाकावरची टोपी नकली असली तर त्यांस रात्रभर झोंप येणार नाहीं. मग आम्ही विचारतों, ती फियाट कारखान्याच्या दारांतून पहिल्या दिवशीं बाहेर पडली तेव्हां निळा धूर ओकीत होती काय? होती, असें म्हणण्याचें धाडस कोणीहि करणार नाहीं. म्हणजे वरातींतल्या त्या गाडीचे दिवे अस्सल, बंपर अस्सल, आंतलें कापडसुद्धां अस्सल. नकली होता तो एवढा धूरच. रूप मूळचें आणि श्वास मात्र बिघडलेला, अशा वस्तूस जतन केलेली वस्तु म्हणणें म्हणजे मढ्यास शालजोडी पांघरून त्याचा सत्कार करण्यासारखें आहे.

'म्हातारी खोकणारच' या उपमेंतच मोठी लबाडी आहे. माणसाचें म्हातारपण कोणास परतवितां येत नाहीं, इंजिनाचें येतें. इंजिनाचा धूर हा वयाचा परिणाम नसून हयगयीचा पुरावा असतो, आणि तोहि इतका बोलका कीं ज्याला डोळे आहेत त्याला तो वाचतां यावा. काळा धूर निघतो तेव्हां पेट्रोल जास्त आणि हवा कमी जात असते: हवेची गाळणी धुळीनें बुजलेली असेल, चोक अडकला असेल, कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची पातळी चुकली असेल किंवा जेट झिजून त्याचें भोंक मोठें झालें असेल. निळा धूर म्हणजे पेट्रोलाबरोबर वंगणाचें तेल जळत आहे. तो चढावर जोर लावतांना सारखा निघाला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असें धरावें. उतारावर पाय काढून पुन्हां दाबतांच एकदम लोट आला तर व्हॉल्व्हच्या गाइड सैल झाल्या असें समजावें. पांढरा धूर थंडीच्या सकाळीं घटकाभर दिसला तर ती नुसती वाफ. पण इंजिन तापल्यावरहि तो थांबेना, तर हेड गॅस्केट फुटून पाणी आंत शिरत आहे. यांतलें एकहि दुखणें असाध्य नाहीं. त्यांतलीं निम्मीं तर अर्ध्या दिवसाच्या कामाचीं आहेत.

जो धूर दिसतच नाहीं, त्याची गोष्ट अधिक वाईट. पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें एका भागास सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली कीं कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक बळानें चिकटतो. 'आमच्या गाडीला धूर नाहीं' म्हणून मिशीवर ताव देणाऱ्या कित्येक गाड्या या वायूच्या बाबतींत पहिल्या नंबरच्या गुन्हेगार असतात. नव्या गाडींत नळीमध्यें बसविलेला संवेदक क्षणोक्षणीं उरलेला प्राणवायु मोजतो, संगणक त्याप्रमाणें पेट्रोल कमीजास्त करतो, आणि इतकें करूनहि जें घातक उरतें त्याचा पुष्कळसा भाग पुढचा उत्प्रेरक नाहींसा करतो. जुन्या गाडीला यांतलें कांहींच नाहीं. तिच्या डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटांचें अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी. टांच झिजत जाते तसें तें आणखी घटतें, ठिणगी उशिरां पडूं लागते, इंजिनाचा जोर कमी होतो, आणि चालक बिचारा तो जोर भरून काढण्यासाठीं पाय अधिक दाबतो. हें सारें निस्तरणारा संगणक जुन्या गाडींत एकच, तो म्हणजे तिचा मालक. तोच जर फडक्यानें बॉनेट पुसण्यांत गुंग झाला, तर गाडीनें बिचारीनें करावें काय?

आतां कायद्याकडे पाहूं, कारण या मंडळींस कायद्याचा जाच होतो अशी त्यांची नेहमींची रड आहे. वस्तुतः कायद्यानें त्यांच्याशीं फार सौम्यपणा केला आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली. वीस हजार रुपये भरले कीं दहा वर्षांची निश्चिंति. त्याच्या बदल्यांत अट एवढीच कीं अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती यांसाठींच रस्त्यावर यावी. रोजच्या वा व्यापारी वापरासाठीं येऊं नये. (अशी गाडी वरातीस भाड्यानें देणें हें प्रदर्शनांत मोडतें कीं व्यापारांत, हें ज्याचें त्यानें आरशांत पाहून ठरवावें.) धुराच्या तपासणीचें प्रमाण घ्या. भारत स्टेजच्या पूर्वींच्या चारचाकी पेट्रोल गाडीस, ती जागीं चालू असतांना, शेंकडा ३ पर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि दशलक्ष भागांत १,५०० पर्यंत हायड्रोकार्बन माफ आहे. भारत स्टेज दोनच्या गाडीसच हीच मर्यादा अर्धा टक्का आणि ७५० आहे. म्हणजे एका वायूपुरती सहापट आणि दुसऱ्यापुरती दुप्पट सवलत म्हाताऱ्यांना आधींच दिलेली! नीट लावलेलें जुनें इंजिन या मर्यादेंत सुखानें बसतें. त्यास नवें कांहीं जोडावें लागत नाहीं.

पण सवलत घेऊनहि परीक्षा चुकविण्याची आमची विद्या काय वर्णावी! गाडी घरीं आणि प्रमाणपत्र हातीं, असा चमत्कार महाराष्ट्रांत कोणीं पाहिला नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. त्याहून हुषार मंडळी गाडी खरोखरच नेतात. मात्र जाण्यापूर्वीं कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून मिश्रण विरळ करून घेतात, नळींत सळई घालून आंकडा बरोबर आला कीं घरीं परततांना स्क्रू होता तेथें आणून ठेवतात. मुलास परीक्षेपुरती आंघोळ घालणाऱ्या आईबापांस आपण काय म्हणूं?

यावर ठराविक आक्षेप येतो तो असा: "अहो, आमच्या गाड्या त्या किती, आणि त्या धांवतात किती? महामार्गावरून अहोरात्र ट्रक जातात, कारखाने धूर सोडतात, इमारतींच्या बांधकामाची धूळ उडते; तें सोडून आमच्या एका फियाटच्या मागें कां लागतां?" हा आक्षेप आम्ही खोटा म्हणणार नाहीं. वसई-विरारच्या एकंदर हवेंत जुन्या मोटारींचा वांटा फार थोडा आहे, हें आम्हांस कबूल आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग पेल्हाराकडून जातो, तेथें सायंकाळीं पांच मिनिटें उभें राहिलेल्या माणसास हें वेगळें सांगावयास नको. परंतु धूर सरासरीनें कोणाच्या छातींत जात नसतो. तो त्या गल्लींतल्या, त्या वेळीं, त्या गाडीच्या मागें चालणाऱ्या माणसाच्या छातींत जातो. आणि ट्रक निदान कोणाचें तरी धान्य घेऊन जातो. हौशीची गाडी केवळ हौस घेऊन निघते. पोटासाठीं धूर करणाऱ्यास जी क्षमा करतां येईल, ती शोकासाठीं करणाऱ्यानें मागूं नये.

या ठिकाणीं आम्हांस टॅक्सीवाल्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मुंबईच्या धुराविषयीं १९९९ सालीं स्मोक अफेक्टेड रेसिडेन्ट्स फोरम या संस्थेनें उच्च न्यायालयांत जनहितार्थ दावा केला; व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली. आणि पुढें न्यायालयाच्या हुकुमांनीं जुन्या टॅक्सींस गॅसवर चालविणें किंवा मोडींत काढणें असे दोनच मार्ग उरले. ज्याची रोजची कमाई रोज संपते अशा माणसानें कर्ज काढून पद्मिनीच्या डिकींत गॅसची टांकी बसविली, सामान ठेवण्याची जागा गमावली, गॅसच्या रांगेंत रात्री काढल्या, आणि वीस वर्षें भरतांच मुकाट्यानें गाडी भंगारांत दिली. त्याच कारखान्याची, त्याच इंजिनाची गाडी एका हौशी गृहस्थाच्या दारांत उभी आहे. तिला पाहून आपण टाळ्या वाजवितों, तिचे फोटो काढतों, आणि तिनें सोडलेला धूर म्हणजे जणुं उदबत्तीचा, असें मानून घेतों. गरिबाच्या धुरास हुकूम आणि हौशीच्या धुरास कौतुक, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

दुसरा आक्षेप मात्र आम्ही आदरानें ऐकतों. तो असा कीं सरकारनें पेट्रोलच बदललें, त्यास आम्हीं काय करावें? हें पुष्कळ अंशीं खरें आहे. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकी पेट्रोलांतील शिशाच्या आधारावर टिकत; १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेंविरहित पेट्रोल आलें. मुलांच्या मेंदूस शिसें घातक, म्हणून तें गेलें हें उत्तमच झालें. पण त्या बैठकी झिजूं लागल्या हेंहि खोटें नाहीं. आतां २०२५ सालापर्यंत पेट्रोलांत शेंकडा वीस इथेनॉल आलें. इथेनॉल हवेंतलें पाणी ओढून घेतें, जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल-पंपाचे पडदे कुजवितें, आणि त्यांत स्वतःचा प्राणवायु असल्यामुळें जुन्या जेटांनीं ठरविलेलें मिश्रण विरळ होतें. इंजिन ठिणगी चुकवूं लागतें, आणि न जळलेलें पेट्रोल तसेंच बाहेर पडतें. हा त्रास मालकांनीं ओढवून घेतलेला नाहीं, आणि साध्या पेट्रोलाची सोय ठेवावी अशी मागणी ते करीत असतील तर आम्ही त्यांच्या बाजूस उभे राहूं. पण यावरून निघतें काय? पूर्वीं वर्षांतून एकदां इंजिन लावून भागत असेल तर आतां दोनदां लावावें लागेल. कठीण धातूच्या बैठकी बसवाव्या लागतील, नळ्या बदलाव्या लागतील, जेट नव्यानें निवडावे लागतील. प्रत्यक्षांत पुष्कळ जण करतात तें असें कीं, गाडी अडखळते म्हणून अंदाजानें मोठा जेट ठोकून देतात. अडखळणें थांबतें आणि नळीचें तोंड काजळीनें काळें होतें. नाचतां येईना, अंगण वांकडें, हें जरी अंगण खरोखरच थोडें वांकडें असलें तरी नाच बेताल करण्याचें कारण होत नाहीं.

परदेशांचा दाखला आपल्याकडे सोयीपुरता देतात. लंडनमध्यें धुरावर कर बसविला, पण चाळीस वर्षांवरील ऐतिहासिक गाड्यांस तो माफ आहे, हें वाक्य आम्हांस दर सभेंत ऐकूं येतें. जर्मनीत तीस वर्षांवरील गाडीस पाटीवर 'एच' हें अक्षर मिळतें आणि शहरांतील निर्बंधांतून तिची सुटका होते, हेंहि सांगतात. मात्र तें अक्षर तज्ज्ञानें गाडी तपासून तिची स्थिति चांगली असल्याचा निर्वाळा दिल्यावरच मिळतें, आणि पुढेंहि दर दोन वर्षांनीं तिला तपासणीस उभें राहावें लागतें, हा उत्तरार्ध सांगावयाचा मात्र बहुधा राहून जातो.

हा सगळा प्रपंच आम्ही आतांच कां करीत आहों? जानेवारी २०२५ मध्यें उच्च न्यायालयानें मुंबईच्या हवेविषयीं कडक शब्द काढले, आणि त्यानंतर राज्य सरकारनें मुंबई महानगर प्रदेशांतून पेट्रोल-डीझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्यानें बंद करतां येतील काय, याचा विचार करण्यास सात जणांची समिति नेमली. या प्रदेशांत आमची वसई, नालासोपारा, आचोळे सर्व येतें. असा हुकूम उद्यां निघालाच, तर त्यांत हौशीची गाडी वगळावी अशी विनंति घेऊन हीच मंडळी जातील. त्या वेळीं त्यांच्या हातांत काय असेल? ज्या वसईंत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या लेखकानें लेखणी बाजूला ठेवून हरित वसईसाठीं रस्त्यावर उतरून लढा दिला, त्या वसईच्या लोकांपुढें "म्हातारी खोकणारच" हें उत्तर घेऊन ते जाणार काय? रॅलीच्या आरंभीं परीक्षक गाडीच्या रंगाचे, कातड्याचे, पितळेचे गुण मोजतात. तेथेंच वायु मोजण्याचें एक यंत्र ठेवावें, नळींत सळई घालून आलेला आंकडा सर्वांदेखत फळ्यावर लिहावा, आणि मर्यादेबाहेरच्या गाडीस, ती महाराजांची असली तरी, दोरीच्या आंत उभी करावी पण धांवूं देऊं नये, एवढा ठराव कोणत्याहि मंडळास एका बैठकींत करतां येईल. त्याला सरकार लागत नाहीं.

आणि आणखी एक गोष्ट आहे, जी धुराहूनहि आम्हांस अधिक टोंचते. आचोळे रस्त्यालगत एका गाळ्यांत एक वृद्ध मिस्त्री बसतात. पद्मिनीच्या काळांत त्यांच्याकडे टॅक्सींची रांग असे. आतां ते स्कूटरींचे ब्रेक लावतात. त्या वरातीनंतर आम्ही त्यांच्याकडे गेलों आणि ती गाडी कशी होती तें सांगितलें. त्यांनीं धुराचा रंग विचारला, तो कधीं जास्त येतो तें विचारलें, आणि क्षणभर थांबून म्हणाले, "गाइड गेल्यात. हेड उतरवावं लागेल. दोन दिवस द्या." गाडी न पाहतां, केवळ ऐकून! ही विद्या त्यांच्या मुलास नको आहे, कारण तिचें गिऱ्हाईक उरलेलें नाहीं. जे मालक एका जुन्या हॉर्नसाठीं हजारों रुपये मोजतात त्यांनीं या मिस्त्रींस वर्षांतून दोन दिवसांचें काम दिलें असतें, त्यांच्या हाताखालीं एक पोरगा शिकविला असता, तर धूरहि गेला असता आणि विद्याहि राहिली असती.

निघतांना आम्हीं त्यांना विचारलें कीं, त्या मालकांना पाठवूं काय? मिस्त्री हात पुशीत म्हणाले, "पाठवा ना साहेब. फक्त सांगा, गाडी धुऊन-पुसून आणू नका. चालवत आणा."